तीन किलो पेलणारी पिशवी

भूगोलाच्या बाईंना झोपेतून उठवून जगातली कुठलीही सामुद्रधुनी विचारली तरी त्या नाव सांगायच्या. पण स्वतःच्या पोटातल्या एका अवयवाचं नाव चारचौघांत घ्यायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. आणि नेमक्या ह्याच बाईंनी नववीला ‘तो धडा’ शिकवायचं पत्करलं होतं. पत्करलं म्हणजे काय, भांडून मागून घेतलं होतं. आता घ्या!

‘तो धडा’ म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातला शेवटून दुसरा. वयात येणं, शरीरातले बदल, मूल कसं होतं, वगैरे. शाळेत तो वर्षानुवर्षं ‘घरी वाचून या’ ह्या सदरात मोडायचा. तो धडा आला की विज्ञानाच्या सरांना ताप यायचा, आणि ‘ध्वनी’ हा पुढचा धडा सुरू झाला की उतरायचा. मुलं तो घरी वाचत नसत असं मुळीच नाही. अख्ख्या पुस्तकात तेवढाच धडा मन लावून वाचला जायचा. पण कळायचं काहीच नाही, कारण लिहिणाऱ्यानंही तो मान खाली घालून लिहिला असावा.

बाईंनी तो का मागून घेतला, तर गेल्या वर्षीच्या एका टोमण्यामुळे. आठवीतल्या एका मुलीला बाईंनी नकाशावर वाळवंट दाखवायला बोलावलं. ती उठेना. बाईंनी आवाज चढवला, तरी उठेना. तेव्हा बाई म्हणाल्या, “बाकाला चिकटलीस का गं?” वर्ग फिदीफिदी हसला. मुलगी पुढचे तीन तास जागची हलली नाही. शाळा सुटल्यावर शिपाईणबाईंनी तिच्या मागे दप्तर धरून तिला घरी पोचवलं, तेव्हा ती वाटभर एकच विचारत होती, “मावशी, मी मरणार का?” घरी तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, शाळेत तर नव्हतंच. बाईंना हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून तो टोमणा त्यांना रोज जेवताना आठवायचा. मुलगी आता नववी ‘अ’त होती, तिसऱ्या बाकावर. नकाशा उघडला की ती खाली बघायची, आणि ती खाली बघायला लागली की बाईही खाली बघायच्या. असं वर्षभर चाललं होतं.

मुख्याध्यापिकेला सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणायचे. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. शाळेच्या समूहफोटोत छायाचित्रकारानं हात जोडले तरी नाही. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

“एक तास देते. मुलं-मुली एकत्र बसवायची म्हणता, बसवा. पण माझी खोली नववी ‘अ’ला लागून आहे. भिंतीतून हसण्याचा आवाज आला, की तो धडा परत घरी वाचायला. कायमचा.”

नववीच्या अडतीस पोरांना तो धडा शिकवायचा, आणि कोणी मोठ्यानं हसायचं नाही! बाई ‘हो’ म्हणून बाहेर आल्या आणि व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

घरी तयारी सुरू झाली. शब्द तोंडात बसावेत म्हणून बाई ते स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणायच्या, आणि कोणी ऐकू नये म्हणून मिक्सर चालू करून म्हणायच्या. तीन दिवसांत चटणीचं पीठ झालं. चौथ्या दिवशी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अगं, तो मिक्सर बंद कर. गर्भाशयाचं काय म्हणालीस ते नीट ऐकू येत नाहीये.”

बाईंच्या हातातलं झाकण पडलं. सासूबाईंना मात्र काहीच वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “एवढा जड शब्द कशाला? आम्ही आपल्या पिशवी म्हणायचो. शेजारणीची पिशवी खाली आली, नणंदेची पिशवी काढली. पुरुष समोर पेपर वाचत बसलेले असायचे, पण कोणी मान वर करून बघायचं नाही.”

बाईंना हायसं वाटलं. पिशवी! किती सोयीचा शब्द. पुढचा सगळा गोंधळ ह्या सोयीतून झाला.

फळ्यावर चित्र काढलं तर ते पुसल्यावरही मुलं त्याला मिशा काढणार, हे बाई जाणून होत्या. म्हणून हातात धरता येईल, उलगडून दाखवता येईल असं काहीतरी कापडाचं शिवून घ्यायचं त्यांनी ठरवलं. पुस्तकातलं चित्र चौकटीच्या कागदावर मोठं करून उतरवलं, नावं मुद्दाम लिहिली नाहीत, आणि कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांचं दुकान गाठलं. दुकानात एक गृहस्थ पँटचं माप द्यायला उभे होते. झालं, बाईंची जीभ पुन्हा टाळूला.

“काका, एक पिशवी शिवायची होती.”

“शिवू की. भाजीची?”

“नाही. अशी.”

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. कागद उभा धरला, आडवा धरला. “आकार जरा वेगळा आहे. वर रुंद, खाली निमुळती. आणि हे दोन्ही बाजूंना काय?”

“नळ्या.”

“बंद म्हणा की. बरं, वजन किती पेलायला हवं?”

बाईंना वाटलं, काका समजले. किती सभ्य माणूस, एका शब्दानं अवघडू दिलं नाही. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “तीन किलो. फार तर साडेतीन.”

“सामान ओलं की कोरडं?”

“ओलं,” बाई म्हणाल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या.

“मग आतून अस्तर लागेल.”

“अस्तर तर हवंच काका! लाल. आणि ते सुटं हवं. दर महिन्याला निघून यायला हवं.”

“धुवायला!” काकांचा चेहरा खुलला. त्यांनी पँटवाल्या गृहस्थांकडे वळून सांगितलं, “बघा, याला म्हणतात टापटीप. लोक वर्षवर्ष पिशवी धूत नाहीत, आणि ह्या बाई दर महिन्याला!” गृहस्थांनी आदरानं मान डोलावली. “टिचबटणं लावतो. टक्कन निघेल, टक्कन बसेल. तोंड कुठं?”

“खाली. एरवी अगदी अरुंद, पण वेळ आली की ताणलं जाईल असं.”

“इलास्टिक. पण खाली तोंड म्हणजे वस्तू खालून काढणार?”

“खालूनच येते, काका.”

“आणि भरायची कुठून?”

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग पंख्याकडे. काकांनी थोडी वाट पाहिली आणि स्वतःच मार्ग काढला. “ठीक आहे, वरून चेन देतो.”

‘चेन’ हा शब्द बाईंच्या कानात शिरलाच नाही. त्या केव्हाच रस्त्यावर पोचल्या होत्या.

तासाच्या दिवशी सकाळी काकांनी कागदात गुंडाळून दोरी बांधलेलं पुडकं त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते काखोटीला मारून शाळा गाठली आणि तासाला दहा मिनिटं असताना शिक्षकांच्या खोलीत सोडलं. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. सोफ्याचं उरलेलं जांभळ्या फुलांचं जाड कापड. खाली इलास्टिकच्या तोंडाला दुहेरी शिवण. वर पितळी चेन. दोन्ही नळ्या वर नेऊन एकमेकींना जोडलेल्या, खांद्याला अडकवायला. आणि बाजूला काकांच्या दुकानाची पट्टी: ‘फाटल्यास बदलून मिळेल.’

बाईंनी फोन लावला.

“काका, ही पिशवी नव्हे! ती पिशवी!”

“ती कुठली?”

“बायकांची हो!”

“बायकांचीच शिवलीय. पुरुष कशाला फुलाफुलांची घेतील?”

“पोटातली, काका! गर्भाशय! गर्भाशय शिवायचं होतं!”

खिडकीजवळ चहा पीत असलेले विज्ञानाचे सर ठसकले आणि कपबशी घेऊन बाहेर गेले. तेवढ्यात बाईंच्या लक्षात आलं, की तो शब्द आपण मिक्सरशिवाय म्हटला. तोही ओरडून, दोनदा. छत कोसळलं नव्हतं. फोनमध्ये शिवणयंत्राची घरघर मात्र थांबली होती.

“सांगायचं ना बाई,” काका हळूच म्हणाले. “मऊ कापड घेतलं असतं.”

घंटा झाली. बाईंनी पिशवी उचलली, टेबलावरची कात्री उचलली आणि निघाल्या.

वर्गात परीक्षेच्या वेळी असते तशी शांतता होती. बाईंनी फळ्यावर दोन नियम लिहिले. एक, प्रश्न विचारायचा तर हात वर करायचा. दोन, कुणाच्याही प्रश्नाला हसायचं नाही. मग मोठ्या बाईंची अट सांगितली. म्हणाल्या, “इतर कशाला हसलात तर चालेल, पण आवाज त्या भिंतीपलीकडे जाता कामा नये. नाहीतर आपला हा पहिला तास आणि हाच शेवटचा.” अडतीस माना भिंतीकडे वळल्या आणि परत आल्या. बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली.

पहिल्या बाकावर एक चष्मेवाली होती. तिला प्रत्येक गोष्टीची शंका यायची. तिनं हात वर केला. “बाई, तास झाल्यावर बाजारात जाणार आहात का?”

आता लपवायचं तरी काय? बाईंनी सरळ सगळं सांगून टाकलं. मिक्सर, सासूबाई, तीन किलो, ओलं सामान, सगळं. ‘भरायची कुठून’पर्यंत आल्या तेव्हा वर्गाची अवस्था बघण्यासारखी झाली होती. एकानं दप्तरात डोकं खुपसलं होतं. दोघी एकमेकींच्या वेण्या दातात धरून बसल्या होत्या. शेवटच्या बाकावरचा कबड्डीचा कप्तान पोट धरून बाकाखाली गेला होता आणि त्याचे नुसते बूट हलत होते. आवाज मात्र शून्य! अडतीस पोरं बिनआवाजाची हसत होती आणि बाईंच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग त्यांनी कात्रीनं वरचा जोड कापला. दोन नळ्या दोन बाजूंना मोकळ्या झाल्या. “ह्या बीजवाहिन्या. इथून बीज येतं. हे गर्भाशय, आणि हे खाली त्याचं तोंड. चेन काकांची, ती विसरा.” शब्द एकामागून एक बाहेर पडले आणि एकही अडखळला नाही. पिशवी उलटी करून त्यांनी लाल अस्तर दाखवलं आणि टिचबटणं काढायला सुरुवात केली. टक. टक. टक. “बाळ येईल म्हणून दर महिन्याला आत असं अंथरूण घातलं जातं. बाळ आलं नाही, की ते सुटतं आणि बाहेर येतं. ती पाळी. जखम नाही, आजार नाही, विटाळ नाही. मग नवं अंथरूण घालायचं काम सुरू.”

शिंपीकाकांनी चुकून काय अफलातून वस्तू केली होती! अस्तर वर्गभर फिरलं. मुलांनी तर मुलींपेक्षा जास्त वेळा टक-टक केलं.

मग बाईंनी चिठ्ठ्यांचा डबा उघडला. आदल्या दिवशी सगळ्यांनी नाव न लिहिता प्रश्न टाकले होते. पहिली चिठ्ठी: ‘माझा आवाज मध्येच फाटतो, तो कधी शिवून मिळेल?’ बाई म्हणाल्या, “वर्षभरात आपोआप. काकांकडे जायची गरज नाही.” दुसरी: ‘मुलांना झोपेत आपोआप जे होतं तो आजार आहे का?’ “अजिबात नाही. वयात येताना होतं, ते शरीराचं रोजचं काम आहे. चादर धुवायला टाकायची आणि शाळेत यायचं.” मागच्या रांगेत तिघांनी एकदम सुस्कारा सोडला आणि मग तिघंही तीन वेगवेगळ्या दिशांना बघायला लागले.

तिसरी: ‘आवडणाऱ्या व्यक्तीनं नुसतं “बघू” म्हटलं, तर ते “हो” धरायचं का?’

बाईंनी चिठ्ठी खाली ठेवली. “तुम्ही घरी विचारता, सहलीला जाऊ का? आई म्हणते, बघू. ते ‘हो’ असतं का?”

“नाही!” वर्ग अनुभवानं म्हणाला आणि लगेच भिंतीकडे बघून जीभ चावली.

“मग झालं तर. ‘बघू’ म्हणजे ‘हो’ नाही. गप्प बसणं म्हणजे ‘हो’ नाही. घाबरून म्हटलेलं ‘हो’सुद्धा ‘हो’ नाही. मनापासून म्हटलेलं ‘हो’ म्हणजेच ‘हो’, आणि तेही नंतर बदलता येतं.”

तेवढ्यात तिसऱ्या बाकावर हात वर झाला. तीच मुलगी.

“बाई, ते अस्तर मी लावून बघू?”

ती पुढे आली. तिनं बटणं एकेक करून लावली, एकेक करून काढली, पुन्हा लावली. “एवढंच असतं?” ती म्हणाली. “मला वाटलं होतं मी मरणार.”

वर्गाला ती काय म्हणतेय ते लख्ख कळलं. गेल्या वर्षी हसलेले बहुतेक सगळे तिथंच बसलेले होते. बाईंना वर्षभर जे जमलं नव्हतं ते आता करावंच लागणार होतं, आणि खाली बघून चालणार नव्हतं.

“गेल्या वर्षी मी तुला विचारलं होतं, बाकाला चिकटलीस का म्हणून,” त्या म्हणाल्या. “ते माझं फार चुकलं. तुला काय होतंय ते मी विचारायला हवं होतं. मी नुसतीच ओरडले. मला माफ कर.”

मुलीनं बाईंकडे बघितलं. मग हातातल्या फुलाफुलांच्या गर्भाशयाकडे बघितलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला.

“पण बाई, मी खरंच चिकटले होते.”

आणि तीच आधी हसली. मोठ्यानं, मान मागे टाकून. मग अर्धा तास दाबून ठेवलेलं अडतीस जणांचं हसू एकदम फुटलं. बाकं हलली, पट्ट्या पडल्या, कप्तान पुन्हा बाकाखाली गेला. बाईंना अट आठवत होती. कोणाला आवरायचं मात्र त्यांच्या मनात येईना, कारण ती मुलगी हसत होती.

दार उघडलं. मोठ्या बाई!

हसू तिथल्या तिथे गोठलं. मोठ्या बाई टेबलाशी आल्या. “मी काय सांगितलं होतं?” आणि उत्तराची वाट न बघता, “हे काय आहे?”

“गर्भाशय,” भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी ते उचललं, फिरवून पाहिलं. ‘फाटल्यास बदलून मिळेल’ हेही वाचलं. त्या बोलणार तोच पहिल्या बाकावरून आवाज आला, “मोठ्या बाई, काही विचारायचं असेल तर हात वर करायचा. नियम आहे.”

चष्मेवालीच होती. शेजारणीनं तिला चिमटा काढला, पण बोलून झालं होतं. मोठ्या बाईंनी फळा वाचला. दोन्ही नियम वाचले. आणि पिशवी डाव्या हातात घेऊन उजवा हात वर केला.

“विचारा,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“खरं गर्भाशय केवढं असतं?”

“मुठीएवढं.”

मोठ्या बाईंनी वर केलेल्या हाताची मूठ केली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. “एवढंसंच? मग ते काढून टाकलं, तर आत ती जागा रिकामी राहते का?”

“नाही. आतडी सरकतात आणि जागा भरून काढतात. रिकामं काही राहत नाही.”

“मला कोणी सांगितलंच नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “बारा वर्षं झाली. बारा वर्षं मी डाव्या कुशीवर झोपले नाही. वाटायचं, आत मोठा खड्डा आहे, काहीतरी घरंगळत जाईल.”

कोणी हसलं नाही. दुसरा नियम फळ्यावर होता, पण त्याच्यामुळे नव्हे. तिसऱ्या बाकाची मुलगी अजून पुढेच उभी होती. ती म्हणाली, “आता झोपा, मोठ्या बाई.”

मोठ्या बाईंनी मान हलवली. घसा साफ केला, चष्मा नीट केला आणि नेहमीच्या करड्या आवाजात विचारलं, “बरं. आता ‘ब’ तुकडीची पाळी कधी?”

मग कप्तानाच्या नाकातून एक आवाज निघाला, आणि वर्ग दुसऱ्यांदा कोसळला. “काय झालं?” मोठ्या बाईंनी दरडावून विचारलं. काय झालं ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं. त्यांचा चेहरा आधी आक्रसला, मग सुटला. मग त्या टेबलाचा आधार घेऊन अशा हसायला लागल्या, की चष्मा काढून पदरानं डोळे पुसावे लागले.

“उद्या,” त्या श्वास सावरत भूगोलाच्या बाईंना म्हणाल्या. “उद्या पहिल्या तासाला ‘ब’, परवा ‘क’. पण आज संध्याकाळी ही पिशवी मी घरी नेणार आहे. माझ्या धाकट्या बहिणीचीही काढलीय. तीपण डाव्या कुशीवर झोपत नाही.”